‘डिलीट’ जिथे पोचत नाही: ईमेल बॅकअपची गोष्ट

आजचा विषय ऐकून काही जण थेट पुढच्या एपिसोडवर जातील, याची मला कल्पना आहे. विषय आहे ईमेलचा बॅकअप. ऑफिसमध्ये हा शब्द काढला तरी समोरचा म्हणतो, अरे जीमेलवर आहे ना सगळं, मग बॅकअप कशाला? गूगल घेतंच की. आता यातलं शेवटचं वाक्य अगदी खरं आहे. गूगल बॅकअप घेतं. पण तो कशासाठी घेतं, आणि तुमच्या कामाला तो कधी येतो आणि कधी येत नाही, यात बराच इतिहास आहे. तो आज सांगतो. सुरुवात करू २०११ पासून.

२७ फेब्रुवारी २०११, रविवार. जगभरातल्या काही लोकांनी जीमेल उघडलं तर इनबॉक्स रिकामा. लॉगिन व्यवस्थित होतंय, एरर वगैरे काही नाही, फक्त आत एकही मेल नाही. जणू अकाउंट आज सकाळीच उघडलंय. गूगलने नंतर आकडा दिला, ०.०२ टक्के युजर्स. ऐकायला किरकोळ वाटतं, पण जीमेलचे युजर्स तेव्हाही कोट्यवधी होते, त्यामुळे हे हजारो लोक झाले. त्यातल्या एखाद्याचे सगळे करार, सगळी बिलं, वडिलांचे शेवटचे मेल त्यात असतील, तर त्याला टक्केवारीशी काय देणंघेणं?

झालं काय होतं? स्टोरेज सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा नवा अपडेट टाकला होता आणि त्यात बग होता. आता तुम्ही म्हणाल, गूगलकडे एकेका मेलच्या अनेक कॉपी असतात ना, वेगवेगळ्या डेटा सेंटरमध्ये? असतात. पण त्या सगळ्या एकाच सॉफ्टवेअरच्या ताब्यात असतात. एखाद्या सेंटरला आग लागली, डिस्क जळाली, वीज गेली, तर या कॉपी वाचवतात. सॉफ्टवेअरच चुकलं, तर ते तीच चूक सगळ्या कॉपींवर इमानेइतबारे करतं.

मग मेल परत कुठून आले? टेपवरून. हो, टेप. आपल्या लहानपणी घरात गाण्यांच्या कॅसेट असायच्या ना, तिचीच मोठी बहीण समजा. गूगलमध्ये साइट रिलायबिलिटी सांभाळणाऱ्या बेन ट्रेनर यांनी दुसऱ्याच दिवशी ब्लॉगवर उघड सांगितलं, की आमच्याकडे टेपवर बॅकअप आहे, ती टेप ऑफलाइन असते, म्हणून बग तिच्यापर्यंत पोचला नाही. टेपवरून डेटा वाचायला वेळ लागतो, त्यामुळे लोकांना थांबावं लागलं. आणि मधल्या काही तासांत या लोकांना जे नवीन मेल आले, ते पाठवणाऱ्याकडे परत गेले. ते कुठल्याच टेपवर नव्हते.

आमच्या धंद्यात या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द आहेत. एक रेप्लिकेशन, दुसरा बॅकअप. रेप्लिकेशन म्हणजे जिवंत कॉपी, मुळात जे होईल ते तिच्यातही होतं. बॅकअप म्हणजे अशी कॉपी, जिच्यापर्यंत मूळ ठिकाणचं ‘डिलीट’ पोचत नाही. मग ते डिलीट तुमच्या बोटाने झालेलं असो, बगने, हॅकरने किंवा कंपनीच्या पॉलिसीने. ही एक व्याख्या लक्षात ठेवा, आजचा सगळा एपिसोड तिच्यावरच आहे.

जाता जाता, गूगलच्या दोनच महिने आधी हाच प्रकार हॉटमेलमध्ये झाला होता. ३० डिसेंबर २०१०. मायक्रोसॉफ्टचे लोक चाचणीसाठी ऑटोमॅटिक अकाउंट बनवत, आणि काम झालं की एक स्क्रिप्ट ती अकाउंट उडवत असे. त्या दिवशी स्क्रिप्टने खोट्या अकाउंटसोबत खऱ्या लोकांच्याही नोंदी उडवल्या. १७,३५५ अकाउंट. नशीब इतकंच, की उडाली ती डिरेक्टरीतली नोंद, म्हणजे कुणाचा इनबॉक्स कुठे ठेवलाय ते सांगणारा पत्ता. मेल जागेवरच होते. पण लोकांच्या स्क्रीनवर दोन्हीचा अर्थ एकच, इनबॉक्स रिकामा. नव्या वर्षाची सुरुवात लोकांनी अशी केली.

आता आणखी २५ वर्षं मागे जाऊ. ईमेलच्या बॅकअपची सगळ्यात गाजलेली गोष्ट खुद्द अमेरिकेच्या व्हाइट हाउसमध्ये घडली आहे. आणि मला ती फार आवडते, कारण तिच्यात बॅकअप कुणाला वाचवत नाही, पकडून देतो.

१९८० च्या दशकात व्हाइट हाउसमध्ये आयबीएमची प्रॉफ्स नावाची ऑफिस सिस्टिम होती. मेनफ्रेम कॉम्प्युटर, टेबलावर नुसते टर्मिनल. हिरवट अक्षरांचा स्क्रीन आणि कीबोर्ड, बस्स. मेल तुमच्या टेबलावर राहतच नसे, तो मध्यवर्ती मशीनवर. म्हणजे आज ज्याला आपण होस्टेड ईमेल म्हणतो, तीच व्यवस्था. नाव तेवढं नवीन आहे.

त्या काळात रेगन सरकारच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेतले काही अधिकारी गुपचूप इराणला शस्त्रं विकत होते, आणि त्यातला पैसा निकाराग्वातल्या काँट्रा बंडखोरांकडे वळवत होते. या काँट्रांना लष्करी मदत करायला अमेरिकेच्या संसदेनेच मनाई केली होती. नोव्हेंबर १९८६ मध्ये हे बाहेर यायला लागलं. तेव्हा सुरक्षा सल्लागार होते जॉन पॉइनडेक्स्टर, आणि त्यांच्या हाताखाली ऑलिव्हर नॉर्थ. दोघंही प्रॉफ्सवर एकमेकांशी भरपूर लिहीत असत. प्रकरण अंगाशी येतंय म्हटल्यावर त्या शेवटच्या आठवड्यात दोघांनी मेल उडवायला सुरुवात केली. पॉइनडेक्स्टरनी ५ हजारांवर, नॉर्थनी ७०० च्या वर. नॉर्थच्या ऑफिसात कागद फाडायचं मशीनही जोरात चालू होतं. ते कागद गेले ते गेलेच.

मेल मात्र गेले नाहीत. कारण मेनफ्रेम चालवणारी टेक्निकल मंडळी नियमाप्रमाणे टेपवर बॅकअप घेत होती, आणि त्याच टेप काही दिवसांनी पुन्हा वापरल्या जात. म्हणजे आणखी थोडे दिवस गेले असते तर जुन्या टेपवर नवीन डेटा चढला असता आणि विषय संपला असता. पण चौकशी सुरू झाली तेव्हा नोव्हेंबरच्या टेप शाबूत होत्या. त्यांच्यावरून डिलीट केलेले मेल बाहेर काढले, आणि फेब्रुवारी १९८७ च्या टॉवर आयोगाच्या अहवालात ते सरळ छापून आले. नॉर्थनी पुढे संसदीय समितीसमोर कबूल केलं, की बटण दाबलं की मेल कायमचा जातो, असंच आम्हाला वाटत होतं.

इथे एक क्षण थांबा. देशाची गुपितं सांभाळणाऱ्या माणसांना माहीत नव्हतं, की आपण टर्मिनलवर ‘डिलीट’ दाबतो तेव्हा नेमकं काय पुसलं जातं आणि काय राहतं. ज्याचं मशीन त्याला माहीत. वापरणारा फक्त पडद्यावरचं बघतो. आजही यात फार फरक पडलाय असं मला वाटत नाही.

गोष्ट इथे संपत नाही. १९ जानेवारी १९८९, रेगन यांच्या कारकिर्दीचा शेवटचा पूर्ण दिवस. दुसऱ्या दिवशी बुश शपथ घेणार होते, म्हणून आधीच्या सरकारचे कॉम्प्युटरवरचे मेल पुसून नव्यांना पाटी कोरी करून द्यायची, असा बेत होता. घरभाडेकरू बदलताना रंग मारतात तसं. वॉशिंग्टनमधल्या नॅशनल सिक्युरिटी आर्काइव्ह या खासगी संस्थेने कोर्टात धाव घेतली. संस्थेचे संस्थापक पत्रकार स्कॉट आर्मस्ट्राँग यांच्या नावाने हा खटला ओळखला जातो. संध्याकाळी न्यायाधीश बॅरिंग्टन पार्कर यांनी मनाई हुकूम दिला, आणि टेप वाचल्या.

मग खटला चालला साडेचार वर्षं. सरकारचं म्हणणं ऐका, ते आपल्यालाही ओळखीचं वाटेल. महत्त्वाचे मेल आम्ही कागदावर प्रिंट करून ठेवतो, मग इलेक्ट्रॉनिक कॉपी कशाला हवी? ऑगस्ट १९९३ मध्ये अपील कोर्टाने हे फेटाळलं. कारण प्रिंटमध्ये मजकूर येतो, पण मेल नक्की कुणाकुणाला गेला, कधी पोचला, ही सगळी माहिती येईलच असं नाही. ती सिस्टिममध्ये असते. थोडक्यात, प्रिंट आणि मेल या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

आजच्या भाषेत सांगायचं तर महत्त्वाच्या मेलचा पीडीएफ काढून ड्राइव्हवर टाकणं, किंवा त्याहून वाईट, स्क्रीनशॉट काढणं, म्हणजे मेलचा बॅकअप नव्हे. मेलच्या वरती हेडर नावाचा एक लांबलचक भाग असतो, तो आपल्याला सहसा दिसत नाही. मेल कुठल्या सर्व्हरवरून निघाला, कुठून कुठे गेला, किती वाजता, पाठवणाऱ्याच्या डोमेनची सही जुळते का, ते सगळं त्यात असतं. उद्या घरमालकाशी डिपॉझिटवरून वाद झाला आणि तो म्हणाला मी असा मेल पाठवलाच नाही, तर स्क्रीनशॉट कुणीही बनवू शकतं. हेडरसकट असलेल्या मूळ मेलची गोष्ट वेगळी.

बरं, मग सामान्य माणसाचे मेल कुठे राहत होते? हे समजायला दोन नावं लागतात, पॉप आणि आयमॅप. फोनमध्ये मेल सेट करताना तुम्ही ती कधीतरी बघितली असतील आणि काहीतरी एक निवडून पुढे गेला असाल.

पॉप आलं १९८४ मध्ये. पोस्ट ऑफिस प्रोटोकॉल. नाव अगदी चपखल आहे. पोस्टात तुमची पत्रं येऊन पडतात, तुम्ही जाता, घेऊन येता, पोस्टातला कप्पा रिकामा. मेल तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवर उतरला की सर्व्हरवरून पुसला जायचा. सर्व्हरवर जागा कमी, फोनचं कनेक्शन महाग, म्हणून ही पद्धत. मेल पूर्णपणे तुमचा, आणि हार्ड डिस्क गेली तर नुकसानही पूर्णपणे तुमचं.

आयमॅप दोनच वर्षांनी, १९८६ मध्ये, स्टॅनफर्डला मार्क क्रिस्पिन यांनी तयार केलं. त्यांचा विचार उलटा होता. मेल सर्व्हरवरच राहू दे, तुम्ही कुठूनही येऊन बघा. एक माणूस, अनेक मशीन. १९८६ मध्ये एका माणसाकडे एकही मशीन असणं मोठी गोष्ट होती, तेव्हा हा विचार! आज तुमच्या फोनवर, लॅपटॉपवर, टॅबवर एकच इनबॉक्स दिसतो तो याच कल्पनेमुळे. पण याची दुसरी बाजू अशी, की फोनवर मेल उडवला की तो लॅपटॉपवरूनही जातो. आरशात बघताना तुम्ही बाजूला झालात तर आरशातला माणूसही जातो, तसं. म्हणून लॅपटॉपवर थंडरबर्ड किंवा आउटलुक लावून ‘माझा बॅकअप आहे’ म्हणणारे असतात ना, त्यांनी तपासून बघावं. आयमॅपने नुसतं सिंक होत असेल तर तो आरसा आहे. सर्व्हर रिकामा झाला की पुढच्या सिंकला लॅपटॉपही रिकामा.

आपल्याकडे काय चित्र होतं? भारतातलं ईमेल आधी संस्थांमध्ये आलं. १९८६ मध्ये एर्नेट प्रकल्प सुरू झाला, त्यात मुंबईत जुहूची एनसीएसटी होती, आयआयटी होत्या, बंगळूरची आयआयएससी होती. सामान्य लोकांसाठी इंटरनेट उघडलं १५ ऑगस्ट १९९५ ला, व्हीएसएनएलने, मुंबईसह चार महानगरांत. तेव्हा स्वस्तातला पर्याय म्हणजे शेल अकाउंट. मोडेम किर्र किर्र करत जोडायचा, काळ्या स्क्रीनवर पाइन नावाचा प्रोग्रॅम उघडायचा आणि मेल वाचायचे. मेल व्हीएसएनएलच्या मशीनवर, आणि तिथे जागा मोजकी. म्हणून लोक महत्त्वाचे मेल आपल्या पीसीवर उतरवून घेत आणि फ्लॉपीवर ठेवत. अमेरिकेत गेलेल्या मुलाचे मेल प्रिंट काढून फाइलला लावणारे आईवडील त्या पिढीत खूप होते. हेडर वगैरे गेलं खड्ड्यात, पण त्या फाइल आजही कपाटात आहेत, हेही खरं.

मग आलं फुकट वेबमेल. ४ जुलै १९९६ ला हॉटमेल सुरू झालं. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ. सबीर भाटिया काही काळ पुण्याच्या बिशप्स स्कूलमध्ये होते, हे पुणेकरांना वेगळं सांगायची गरज नाही, ते स्वतःच सांगतात. त्याच वर्षी मुंबईत रेडिफ सुरू झालं आणि पुढे रेडिफमेल घरोघर पोचलं. स्वतःचा कॉम्प्युटर नसलेल्या माणसालाही सायबर कॅफेत बसून स्वतःचा पत्ता मिळाला. फार मोठी गोष्ट होती ती. पण पेटी आता कायमची दुसऱ्याच्या घरात गेली. हॉटमेलवर जागा २ एमबी, आणि ३० दिवस लॉगिन केलं नाही तर आतले मेल साफ. परीक्षेच्या महिन्यात कॅफेत गेला नाहीत, तर मेल गेले.

१ एप्रिल २००४ ला जीमेल आलं, १ जीबी घेऊन. लोकांना तो एप्रिल फूल वाटला. जीमेलने डिलीटऐवजी आर्काइव्ह करायची सवय लावली. काही उडवूच नका, शोधा आणि सापडेल. आपली पिढी याच सवयीत वाढली. मला वाटतं मेलच्या बॅकअपचा विचार लोकांच्या डोक्यातून गेला तो इथेच. जिथे काही पुसलंच जात नाही, तिथे कॉपी कशाला?

पण पुसलं जातं. फक्त आता एकेक मेल पुसला जात नाही, आख्खी पेटीच जाते.

२०१३ च्या सुरुवातीला इंडियाटाइम्सने आपली ईमेल सेवा बंद केली. एकेकाळी लाखमोलाचा वाटणारा पत्ता, एका नोटीसमध्ये संपला. गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केलं, की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक अकाउंट आम्ही काढून टाकू, आणि त्या डिसेंबरपासून सुरुवातही केली. सुरक्षेच्या दृष्टीने त्यात अर्थ आहे, जुनी पडीक अकाउंट हॅक होतात. पण घरातलं माणूस गेलं, त्याचा फोन ड्रॉवरमध्ये पडून आहे, त्याचे मेल कधीतरी निवांत बघू असं सगळे म्हणतायत, अशा घरांसाठी ही दोन वर्षं म्हणजे मुदत आहे. हे कुणीतरी त्यांना सांगायला हवं.

कॉलेजच्या मेलचंही तेच. २०२१ मध्ये गूगलने शिक्षणसंस्थांची अमर्याद जागा बंद करून मर्यादा आणणार असल्याचं जाहीर केलं, आणि अनेक संस्थांनी माजी विद्यार्थ्यांची अकाउंट आवरती घेतली. आमच्या बॅचची पण गेली. प्रोजेक्ट गाइडशी झालेली चर्चा, इंटर्नशिपची पत्रं, सगळं त्यात होतं. सूचना दिली होती म्हणे. कुठे? त्याच कॉलेजच्या मेलवर.

आणि एक प्रकार आहे ज्यावर कुणाचाच इलाज चालत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बापाने २०२१ मध्ये आपल्या आजारी लहान मुलाचा फोटो डॉक्टरला दाखवण्यासाठी काढला. फोटो आपोआप क्लाउडवर गेला, गूगलच्या यंत्रणेला तो बालशोषणाचा वाटला, अकाउंट बंद. पोलिसांनी तपास करून त्याला निर्दोष ठरवलं, तरी अकाउंट परत मिळालं नाही. दहा वर्षांहून जास्त काळाचे मेल, फोटो, कॉन्टॅक्ट, इतकंच काय फोन नंबरसुद्धा, कारण फोन सेवाही गूगलचीच होती. २०२२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने ही बातमी दिली. त्यातली कमाल बघा. तपासासाठी गूगलने त्याचा सगळा डेटा पोलिसांना दिला होता. म्हणजे त्याच्या आयुष्याची कॉपी पोलिसांकडे पेनड्राइव्हवर होती, त्याच्याकडे नव्हती. ती त्यांच्याकडून मिळवायच्या खटपटीत तो होता.

गूगलच्या डेटा सेंटरमध्ये त्याच्या मेलच्या किती कॉपी होत्या आणि टेपवर किती, याचा त्याला काही उपयोग नव्हता. त्या गूगलसाठी होत्या. मुंबईत लीव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांना हे पटकन कळेल. बिल्डिंग कितीही मजबूत असली तरी कुलूप बदलायचा अधिकार मालकाचा.

मग आपली कॉपी घ्यायची सोय आहे का? आहे, आणि ती कशी आली तेही गमतीदार आहे. २००७ मध्ये गूगलच्या शिकागो ऑफिसातल्या काही इंजिनिअरनी ब्रायन फिट्झपॅट्रिक यांच्या पुढाकाराने एक गट बनवला, नाव ठेवलं डेटा लिबरेशन फ्रंट. एखाद्या भूमिगत संघटनेसारखं. मुद्दा साधा, युजरला जायचं असेल तर त्याला त्याचं सामान घेऊन जाता आलं पाहिजे. जून २०११ मध्ये त्यातून टेकआउट आलं, आणि डिसेंबर २०१३ पासून जीमेलचे मेलही त्यातून काढता येऊ लागले.

हे मेल तुम्हाला मिळतात एमबॉक्स नावाच्या फाइलमध्ये. हा फॉरमॅट युनिक्सच्या जुन्या काळातला, १९७० च्या दशकातला. एकामागून एक सगळे मेल एकाच लांब टेक्स्ट फाइलमध्ये. नवीन मेल कुठे सुरू झाला हे कसं कळणार? तर ओळीच्या सुरुवातीला ‘फ्रॉम’ हा इंग्रजी शब्द आणि पुढे एक स्पेस. आता तुमच्या मजकुरातलीच एखादी ओळ त्या शब्दाने सुरू झाली तर? मग प्रोग्रॅम तिच्या आधी बाणासारखं एक चिन्ह टाकतो. जुन्या इंग्रजी मेलमध्ये मधेच एखाद्या ओळीपुढे असा बाण उगाच दिसतो ना, तो त्याचा. पन्नास वर्षांपूर्वीची जुगाड अजून चालू आहे. पण मला एमबॉक्सबद्दल आदर आहे. कुठल्याही कंपनीचं सॉफ्टवेअर नसलं तरी साध्या टेक्स्ट एडिटरने ही फाइल उघडता येते. हेडरसकट मेल, जीमेलची लेबलंसुद्धा त्यात लिहिलेली.

युरोपात २०१८ च्या जीडीपीआरने आपला डेटा उचलून दुसरीकडे नेण्याचा हक्कच दिला. आपल्याकडे २०१८ च्या श्रीकृष्ण समितीच्या मसुद्यात हा हक्क होता, २०१९ च्या विधेयकात होता, पण २०२३ मध्ये जो कायदा झाला त्यात तो नाही. म्हणजे आपल्याला टेकआउट मिळतं ती कंपनीची मर्जी. यावर फारशी चर्चा झाली नाही, व्हायला हवी होती.

आता थोडं कामाचं. टेकआउट फोनवरूनही मागता येतं. उघडलं की सगळंच सिलेक्ट झालेलं असतं, ते काढा आणि फक्त मेल निवडा, नाहीतर फोटोंसकट शेकडो जीबीची फाइल येईल. फाइल लगेच मिळत नाही, मेल जास्त असले तर एखादा दिवस लागतो, आणि आलेली लिंक आठवड्याभरात संपते. दर दोन महिन्यांनी वर्षभर आपोआप कॉपी बनव, असं सांगायचीही सोय आहे. फक्त ती कॉपी पुन्हा त्याच गूगल ड्राइव्हवर टाकू नका. अकाउंटच गेलं तर कॉपीही गेली. बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवा आणि डिस्क कॉम्प्युटरपासून काढून ठेवा. गूगलच्या टेपचं जे काम होतं, तेच घरात होतं. आणि डिस्कवर पासवर्ड लावा, कारण त्या एका फाइलमध्ये तुमचा पॅन, पगार, ब्रेकअप, सगळं आहे.

ज्यांचे मेल स्वतःच्या डोमेनवर आहेत, म्हणजे घरचं दुकान, काकांचं सीएचं ऑफिस, छोटा क्लास, आणि ती मेल सेवा गूगलची नाही, त्यांना टेकआउट नाही. तिथे होस्टिंगचं बिल भरायचं राहिलं की आधी सेवा थांबते आणि काही काळाने डेटा जातो. अशा ठिकाणी थंडरबर्डमध्ये आयमॅपने अकाउंट जोडायचं आणि मेल ‘लोकल फोल्डर्स’मध्ये कॉपी करायचे. लोकल फोल्डरला सर्व्हरशी काही देणंघेणं नसतं, तिथे आरसा संपतो. एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर सगळं हलवायचं असेल तर आयमॅपसिंक नावाचं टूल आहे, ते थोडं टेक्निकल आहे, पण ओळखीत एखादा इंजिनिअर असतोच. महाराष्ट्रात तरी असतोच.

आणि एकदा लावलं म्हणून विसरू नका. ३० मे २०२२ ला गूगलने नुसत्या पासवर्डवर चालणारी जुनी ॲप बंद केली, तेव्हा वर्षानुवर्षं रात्री आपोआप चालणारे बॅकअप लॉगिनलाच अडकायला लागले. फाइल जागेवर होती, फोल्डर जागेवर होता, फक्त नवीन काही येत नव्हतं. म्हणून सहा महिन्यांनी एकदा ती एमबॉक्स फाइल खरंच उघडायची आणि कालपरवाचा एखादा मेल अटॅचमेंटसकट त्यात सापडतो का, ते बघायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

मेल परत जीमेलमध्ये टाकायचे कसे, असं पुष्कळ जण विचारतात. टेकआउटला उलटा रस्ता नाही, ते फक्त बाहेर काढतं. पण थंडरबर्डमध्ये एमबॉक्स उघडून, हवे ते मेल आयमॅपने जोडलेल्या नव्या अकाउंटच्या फोल्डरमध्ये ओढून टाकता येतात. हजारो मेल असतील तर थोडे थोडे करून ओढा, एकदम टाकले तर मध्येच अडकतं. आणि घरात वडिलांचं किंवा आजीचं बंद पडलेलं अकाउंट असेल, ज्याचा पासवर्ड कुणाला तरी आठवतोय, तर या सगळ्याच्या आधी त्यात एकदा लॉगिन करा. दोन वर्षांचं घड्याळ तिथून पुन्हा सुरू होतं.